कुलूप उघडायला साठ हजार लागत नाहीत

पत्र :
नमस्कार. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला आहे. पाचवी ते आठवी मिळून साठेक मुलं आहेत आणि शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष यंदा मी आहे. शाळेत आठ कॉम्प्युटर आहेत, पण खोलीला कायम कुलूप. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांनी मोडलं तर भरपाई माझ्या पगारातून जाईल. मुलगी रोज घरी येऊन सांगते, "शाळामा आठ कंप्युटर शेतस, पन आमले हात लावू देतस नही." यात्रेच्या वर्गणीतले साठ हजार रुपये उरलेत, ते शाळेला द्यायचं ठरलंय. कोणी म्हणतं दोन नवे कॉम्प्युटर घ्या, कोणाला मोठा टीव्ही हवा, सरपंचांना टॅब हवेत. आमचे मिस्टर म्हणतात, गावाचं सोड, कापूस विकला की आपल्या पोरीला हप्त्यावर लॅपटॉप घेऊन टाकू. मी स्वतः दहावी शिकलेली, मला माऊससुद्धा धरता येत नाही. समितीत बोलायचं तरी काय?
– एक आई, ता. चोपडा

ताई,

माऊस धरता येत नाही म्हणून समितीत गप्प बसू नका. तुमच्यासमोरचा प्रश्न कॉम्प्युटरचा कमी आणि किल्लीचा जास्त आहे. किल्लीचा हिशेब घर चालवणाऱ्या बाईला बरोबर कळतो.

आधी साधा हिशेब मांडू. साठ हजारांत दोन बरे नवे कॉम्प्युटर येतील. एकावर दोन मुलं बसवली तर एका वेळी चार. साठ मुलांच्या पंधरा तुकड्या होतील आणि रोज एक तुकडी घेतली तरी एका मुलाची पाळी अडीच आठवड्यांनी येईल. तोवर आधीचं सगळं विसरून झालेलं असणार. आता त्या आठांपैकी पाच जरी चालू झाले तरी एका वेळी दहा मुलं बसतात. सहा तुकड्या, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे प्रत्येकाला दर आठवड्याला एक तास. सुट्ट्या, परीक्षा, कापूस वेचणीच्या दिवसांतली गैरहजेरी वजा केली तरी वर्षाचे तीसेक तास हाती राहतात. पाचवीत आलेलं मूल आठवीतून बाहेर पडेपर्यंत शंभर तास बसलेलं असेल. मुलाला मिळणारे हे तास मोजा, खोलीत यंत्रं किती आहेत ते नंतर बघू.

टीव्हीचा विषय एका वाक्यात संपवतो : टीव्हीसमोर मुलं बसतात आणि बघतात, त्यांचा हात कशालाच लागत नाही. टॅबचंही बरंचसं तेच. बोट सरकवायला पोरांना शिकवावं लागत नाही, घरच्या मोबाइलवर ती तयारी झालेलीच असते. फाइल कुठे ठेवली, ती पुन्हा कशी शोधायची, दहा बोटांनी मराठी कसं टाइप करायचं, चौकटींत आकडे भरून बेरीज कशी काढायची, हे नुसत्या टॅबवर येत नाही. सरपंचांचं मन मोडायचं नसेल तर त्यांना दुसरं काम द्या, ते पुढे सांगतो.

मुख्याध्यापकांवर चिडू नका. त्यांची भीती खोटी नाही. शाळेतली प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. तपासणीला आलेला साहेब आठ वस्तू मोजतो. आठ आहेत ना, मग झालं. त्या चालतात का, हे क्वचितच विचारलं जातं. वस्तू वापरली आणि बिघडली तर प्रश्न येतो; न वापरता सडली तर येत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूपच लावणार! त्यांच्या पाठीशी एक कागद उभा करणं तुमच्या हातात आहे. शिक्षणहक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, अध्यक्ष पालकच असतो आणि मुख्याध्यापक सचिव. समितीने ठराव केला, इतिवृत्तात लिहिला आणि केंद्रप्रमुखांकडे प्रत देऊन पोच घेतली की सरांना बोलायला आधार मिळतो. ठरावाने नियम बदलत नाहीत हे खरं, पण उद्या कुणी विचारलंच तर उत्तर एकट्या सरांना द्यावं लागणार नाही. मसुदा शेवटी देतो.

आता यंत्रांकडे वळू. कित्येक वर्षं बंद खोलीत पडलेले कॉम्प्युटर पाहून गावात लगेच निकाल लागतो, "भंगार झालं." बहुतेकदा तसं नसतं. डबा उघडला की आत बोटभर धूळ, कोपऱ्यात पालीची अंडी, एखादी वायर उंदराने कुरतडलेली. ब्लोअरने धूळ उडवायची, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसायचे आणि परत घट्ट बसवायची. नुसत्या एवढ्यावर जागी झालेली यंत्रं पुष्कळ आहेत. दुसरी गंमत तारखेची. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की यंत्र दर वेळी दहा-पंधरा वर्षं मागची तारीख दाखवतं आणि इंटरनेट जोडलं तर प्रत्येक साइट "सुरक्षित नाही" म्हणून अडते. बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आला. पन्नास रुपयांच्या आत निकाली निघणारा बिघाड आहे हा.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा चोपड्यातच एखादा दुरुस्तीवाला ठरवा आणि त्याला शाळेत बोलवा, यंत्रं टेम्पोत घालून पाठवू नका. तो डबा उघडेल तेव्हा आठवीची चार मुलं शेजारी उभी असू द्या. निम्मी भीती तिथेच जाते. त्याला सांगायचं, आठांतून जितकी होतील तितकी उभी कर, उरलेल्यांचे सुटे भाग वापर. मेमरी दोन जीबी असेल तर चार कर. जुनी फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क बसव. या एका बदलाने जुनं यंत्र ओळखू येणार नाही इतकं चपळ होतं. एसएसडी आणि मेमरीचे भाव हल्ली फार वरखाली होतात, म्हणून दोन दुकानांत विचारून मगच पैसे द्या. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा. नोंदवहीतली वस्तू भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली तर सरांची भीती खरी ठरेल. त्यासाठी निर्लेखनाची, म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची, रीतसर वाट आहे.

विंडोजच्या नादाला लागू नका. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि विंडोज ११ तुमच्या जुन्या यंत्रांना पेलणार नाही. दुकानदार "टाकून देतो ना, फुकट" म्हणेल. ती चोरीची प्रत असते, आणि पहिल्या पेनड्राइव्हबरोबर व्हायरस आत येतो. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही यंत्र चालवणारी दुसरी प्रणाली टाकायला सांगा. फुकट आहे, कायदेशीर आहे, चार जीबी मेमरीवर नीट चालतं. त्यासोबत लिब्रे ऑफिस येतं, पत्र लिहायला आणि हिशेब मांडायला भरपूर. "पण पुढे सगळीकडे विंडोजच असतं" असं समितीत कुणीतरी म्हणेलच. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच चालतात, तिथली पोरं काही मागे पडलेली नाहीत. शिवाय तिथल्या हायस्कुलांत २०१८ पासून "लिटल काइट्स" नावाचे मुलांचे गट आहेत. शाळेतली यंत्रं सांभाळण्यात ही मुलंच हातभार लावतात. तुमच्या आठवीतल्या त्या चौघांना असंच काम द्या.

विजेकडे मात्र कंजूषपणा करू नका. आपल्याकडे व्होल्टेज कसं नाचतं ते तुम्हाला सांगायला नको. सगळ्यात आधी अर्थिंग बघा. बऱ्याच शाळांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात आणि मग "कॉम्प्युटर शॉक मारतो" म्हणून खोली बंद. अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं काम कुणाला तरी नेमून द्या. प्रत्येक यंत्राला वेगळा छोटा यूपीएस घेऊ नका, त्यांच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत मान टाकतात. शाळेत इन्व्हर्टर असेल तर त्यावरचं बटण "यूपीएस" कडे करा, नाहीतर लाइट गेली की यंत्रं बंद पडून परत सुरू होतात. पाच यंत्रं मिळून साधारण चारपाचशे वॅट ओढतात, इन्व्हर्टर तेवढं झेपवतो का ते वायरमनला विचारा.

इथे सरपंचांचं काम येतं. शाळेचं वीजबिल थकून कनेक्शन तुटणं ही जुनीच गोष्ट आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो आणि गाव पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात) असेल तर आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट येतो. ग्रामसभेत शाळेची वायरिंग, अर्थिंग आणि वीज हा विषय आराखड्यात घालायला लावा. टॅब वाटल्याचा फोटो निघतो, अर्थिंगचा निघत नाही, म्हणून सरपंच जरा कुरकुरतील. त्यांच्याच हस्ते खोलीचं उद्घाटन ठेवा, फोटोही काढा, आपलं काय जातं! शाळेला मिळणारं संयुक्त अनुदानही विचारून घ्या. पहिलीपासूनचा सगळा पट शंभर ते अडीचशे असेल तर ते वर्षाला पन्नास हजारांपर्यंत ठरलेलं असतं. पूर्ण आणि वेळेवर येईलच असं नाही, पण समितीने विचारलं की निदान आलं किती ते कळतं.

तुमच्या साठ हजारांतला सगळ्यात मोठा वाटा मी यंत्रांना देणार नाही. माणसाला देईन. गावात किंवा शेजारच्या गावात एमएस-सीआयटी झालेली, बीएस्सी किंवा डिप्लोमा करून घरी बसलेली एखादी मुलगी नक्की असेल. महिना दोन हजार मानधन, दहा महिने, वीस हजार रुपये. रोज शाळेच्या आधीचा एक तास. मुलगीच बघा असं म्हणतोय, कारण ताई शिकवायला आहे म्हटल्यावर सकाळी लवकर मुली पाठवायला घरचे तयार होतात. दुरुस्तीला पंधरा-अठरा हजार, विजेला आठ-दहा, आणि उरलेले बारा ते सतरा हजार बँकेत राहू द्या. माऊस आणि कीबोर्ड मुलांच्या हातात संपतातच, ते संपायलाच हवेत.

माणसावर एवढा भर का, ते सांगतो. पेरू देशात सरकारने खेड्यापाड्यांतल्या मुलांना लाखोंनी लॅपटॉप वाटले. २०१२ साली ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : मुलांना यंत्र वापरता येऊ लागलं, पण गणित आणि भाषेत काही फरक पडला नाही. उलट बाजूने लोक दिल्लीचं उदाहरण देतात. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी कालकाजीच्या एका भिंतीत कॉम्प्युटर बसवला आणि वस्तीतली पोरं कुणी न शिकवता तो चालवू लागली. पोरं यंत्राला घाबरत नाहीत, एवढं त्यावरून मी घेतो आणि तुमच्या सरांना तेवढं जरूर ऐकवा. पण "मग शिकवणारा कशाला" असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. चालवणं आपोआप येतं. त्यावर कामाचं काय करायचं, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं.

कामाचं म्हणजे काय? तुमच्याच घरचं बघा. वेचणीचा हिशेब वहीत असतो : बाईचं नाव, किलो, दर, उचल, बाकी. तो मुलीला लिब्रे ऑफिसच्या तक्त्यात मांडायला लावा. एका उभ्या रांगेत किलो, दुसरीत दर, तिसरीत बरोबरचं चिन्ह टाकून गुणाकार. पहिल्या ओळीत लिहिलेलं सूत्र खाली ओढलं की वीस बायकांची मजुरी एका दमात येते. शेवटी उचल वजा. दर एका रुपयाने वाढला तर एकूण किती वाढेल, हे तिने दर बदलून दाखवलं की तुमच्या मिस्टरांचं मत तिथेच बदलेल बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. व्यापाऱ्याने दिलेला भाव शेजारच्या रांगेत घालून फरक काढता येतो. सातवीचं गणित आणि घरचा व्यवहार, दोन्ही एका तक्त्यात बसतात.

दुसरं, लिहिणं. तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. तुमच्या मुलांनी महिन्याला एक पान टाइप करून शाळेच्या भिंतीवर लावावं. गावातल्या बातम्या, विहिरीची पातळी, आजीकडून ऐकलेली अहिराणी गाणी, पावरी बोलीतले शब्द, जे सुचेल ते. मराठी टाइपिंग इन्स्क्रिप्ट पद्धतीनेच, म्हणजे थेट मराठी अक्षरांच्या कळा दाबून, शिकवा. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवण्याची सवय लागली की नंतर सुटत नाही. पुढे कुठेही मराठीत टाइप करायची वेळ आली तर ही बोटं तयार असतील.

तिसरं फार निकडीचं आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन. इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेशपरीक्षा एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर. आपली पोरं सेवा केंद्रावर रांगेत उभी राहतात, आतला माणूस अर्ज भरतो, मोबाइल नंबर आणि ईमेल कधीकधी त्याचाच टाकतो आणि पासवर्डही त्याच्याच डायरीत राहतो. सहा महिन्यांनी लॉगिन करायची वेळ आली की धावाधाव. आठवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला स्वतःचा ईमेल सांभाळता यावा, फोटो आणि दाखल्याची साइझ कमी करता यावी, पीडीएफ बनवता यावी. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, व्हॉट्सॲपवर आलेली चलनाची किंवा लग्नपत्रिकेची एपीके (फोनमध्ये ॲप टाकणारी) फाइल उघडायची नाही, पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हेही यातच. हे मुलांना शिकवलं की त्याच संध्याकाळी घरातल्या मोठ्यांपर्यंत पोचतं.

इंटरनेटची घाई नको. पहिले सहा महिने नसलं तरी चालेल. मला तर वाटतं नसलेलंच बरं. किविक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची विज्ञानाची प्रात्यक्षिकं आहेत, त्यातली बरीच मराठीत आहेत, तीही एकदा उतरवली की झालं. विजेचं सर्किट जोडून बघताना दिवा लागला नाही तर मूल वायर बदलून पुन्हा बघतं, कुणी ओरडत नाही. हे सगळं तालुक्याच्या गावी बसून एका पेनड्राइव्हवर आणता येतं.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. एका यंत्रावर दोघं बसली की माऊस कुणाच्या हातात जातो ते तुम्हालाही माहीत आहे. मुलगा चालवतो, मुलगी बघते. म्हणून मुलींची जोडी मुलीशीच लावा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटांनी हात बदला. शिकवणाऱ्या ताईला हे निक्षून सांगा, नाहीतर वर्षअखेरीस निम्म्या वर्गाला काहीच आलेलं नसेल आणि वहीत हजेरी मात्र पूर्ण दिसेल.

आता मिस्टरांच्या लॅपटॉपबद्दल. सातवीच्या मुलीसाठी हप्ते नकोत. लॅपटॉप चारपाच वर्षांत जुना होतो, म्हणजे तिला खरी गरज पडेल तेव्हा, डिप्लोमा किंवा बारावीच्या सुमारास, तो थकलेला असेल. आत्ता घरातला जुना अँड्रॉइड फोन काढा, फोनला कीबोर्ड जोडणारी ओटीजीची छोटी वायर आणि साधा यूएसबी कीबोर्ड घ्या, दोन्ही मिळून पाचशेच्या आसपास जातील. बहुतेक फोनना कीबोर्ड जोडला की लगेच चालतो. मराठी टाइपिंगचा सराव घरीच होईल. पुढे घ्यायची वेळ आली तर कंपन्यांनी बदलून टाकलेली, दुरुस्त केलेली यंत्रं बघा. विंडोज १० बंद झाल्यापासून बँका, पतसंस्था, कारखाने यांच्याकडून चांगली यंत्रं बाहेर पडतायत. हीच वाट शाळेलाही खुली आहे : जळगावच्या एमआयडीसीत, तालुक्यातल्या पतसंस्थेत समितीच्या लेटरहेडवर पत्र द्या. अट एकच, तिथेच चालू करून दाखवल्याशिवाय उचलायचं नाही. दानाच्या नावाखाली भंगार रिकामं करणारे दाते कमी नाहीत, आणि नोंदवहीत ते एकदा चढलं की उतरवताना सरांचा जीव जातो. दुरुस्तीचा अनुभव असलेली पोरंही जवळच आहेत. फैजपूर, शिरपूर, जळगाव इथे इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर कुठल्या ना कुठल्या गावात भरतंच. यंदा ते तुमच्या गावात घ्या म्हणून प्राचार्यांना पत्र टाका. झाडू मारून आणि पथनाट्य करून ती मुलंही कंटाळलेली असतात.

राहिला तुमचा माऊस. त्या खोलीत रविवारी सकाळी एक तास आयांचा ठेवा. समितीच्या अध्यक्षबाई पहिल्या खुर्चीत बसल्या की बाकीच्या येतील.

ठरावाचा मसुदा असा :

"शाळेतील संगणक विद्यार्थ्यांच्या नियमित सरावासाठी दररोज खुले ठेवण्यात यावेत. सरावादरम्यान झीज अथवा बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च समितीकडील लोकवर्गणीच्या निधीतून करण्यात यावा. त्यासाठी मुख्याध्यापक, शिक्षक अथवा विद्यार्थी यांना व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येऊ नये, अशी समितीची शिफारस आहे. दुरुस्तीत काढलेले सुटे भाग जडवस्तू नोंदवहीत नोंद घेऊन जपून ठेवावेत. दुरुस्त न होणाऱ्या यंत्रांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मा. गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे पाठवावा. संगणक खोलीची एक किल्ली मुख्याध्यापकांकडे व दुसरी समितीने नेमलेल्या मार्गदर्शिकेकडे राहील. वापराची नोंदवही ठेवून ती दरमहा समितीच्या सभेत वाचण्यात यावी."

सूचक म्हणून एखाद्या वडीलधाऱ्या पालकाचं नाव घाला, अनुमोदक आई असू द्या, आणि सह्या त्याच सभेत घ्या.